दसऱ्यानंतरचा झेंडू आणि मांजरपाट

दसऱ्याच्या सकाळी नाशकात झेंडूचा भाव विचारायची सोय नसते आणि संध्याकाळी तोच माल रस्त्याच्या कडेला ढीग टाकून लोक निघून जातात, कारण परत गावाला न्यायचं भाडंसुद्धा सुटत नाही. दरवर्षी बघून वाईट वाटतं. म्हणून यंदा सोसायटीत आधीच सांगून ठेवलं होतं की तोरणं, गाड्यांचे हार, दुकानाचे हार, काही म्हणजे काही टाकून देऊ नका, मला कापड रंगवायला लागतात, माझ्या दारात आणून ठेवा. तर सकाळी दार उघडेना एवढ्या पिशव्या! सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोकांचं निर्मालाचं सगळं आपल्याच घरात का?" आणि दहा मिनिटांनी स्वतःच ताट घेऊन पाकळ्या मोकळ्या करायला बसल्या. हिरवी देठं वेगळी काढायची त्यांनीच ठरवलं, ते बरंच झालं, देठं राहिली की पिवळा जरा हिरवट मारतो. तोरणातली आंब्याची पानंही ठेवलीत, त्यांचाही पिवळा येतो, पण ते नंतर बघू.

रंगवायचं काम सगळ्यांना हवं असतं, त्याच्या आधीचं कोणालाच नको असतं. मांजरपाट, म्हणजे कोरं जाडंभरडं सुती कापड, आणलं तर त्याला खळ असते, ती धुण्याचा सोडा घालून तासभर उकळल्याशिवाय जात नाही, आणि पाणी असं पिवळं-तपकिरी निघतं की नवीन कापड आहे यावर विश्वास बसू नये. मग हिरडा. रंग पक्का बसायला तुरटी लागते, पण सुती धाग्याला नुसती तुरटी नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आधी धाग्याला बसतं आणि त्याला मग तुरटी धरते. शंभर ग्रॅम कोरड्या कापडाला साधारण २० ग्रॅम हिरडा पूड, ते पिळून वाळवलं की १५ ग्रॅम तुरटीचं पाणी, असं माझं प्रमाण. रेशमाला हे लाड लागत नाहीत, ते सरळ तुरटीत घातलं तरी चालतं, पण रेशीम परवडायला पाहिजे ना.

नॅचरल कलर म्हटलं की लोकांना पहिलं बीट आठवतं, मग जास्वंद, मग हळद. पातेल्यात काय सुंदर दिसतात, आणि फोटोत तर विचारूच नका! पण बीट दोन धुण्यांत निघून जातं, हळद उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते (हळदीकुंकवाच्या साडीवर डाग पाडून घेतलेल्या प्रत्येक बाईला हे माहितीये). पळसही तसाच, रंगपंचमीला मस्त, कपड्याला नाही. आमचा दादा लहानपणी तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, धप्पा मारून यायचा तेव्हा आई त्याला दारातच उभा करायची, बनियनचा रंग फरशीला लागू नये म्हणून, आणि उन्हाळा संपेपर्यंत तो बनियन परत मळकट पांढरा झालेला असायचा.

टिकतं ते कचऱ्यातलं. डाळिंबाची सालं, कांद्याची टरफलं. आणि कांद्याच्या टरफलांची आपल्याकडे काय कमी? या दिवसांत चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा निघतो, त्याला टरफलंच टरफलं, भाजीवाल्या मावशींना मागितली तर त्या हसतात आणि वर पिशवीही देतात. तुरटीवर तांबूस सोनेरी रंग येतो, माझा सगळ्यात लाडका.

तर आज काय केलं, तर भिजवून पिळलेल्या रुमालांवर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या, मध्ये मध्ये कांद्याची टरफलं, काठीवर घट्ट गुंडाळून सुतळीने करकचून बांधलं आणि जुन्या मोदकपात्रात वाफवलं. हे मोदकपात्र आता फक्त रंगाचं, त्यात परत मोदक नाहीत, आणि अॅल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं भांडं नको, त्याने रंग बदलतो. सुतळी सोडताना सासूबाई आणि शेजारच्या काकू दोघी डोकं घालून बघत होत्या. पाकळ्यांचे पिवळे ठिपके, टरफलांचे तांबूस ओघळ, सुतळीच्या पांढऱ्या रेघा, एकही रुमाल दुसऱ्यासारखा नाही. काकूंना वाटलं मशीनचं प्रिंट आहे, ही तारीफ होती की टोमणा कळलं नाही.

मामाकडे दिंडोरीला आत्ता द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची) चाललीये, तो म्हणतो पानं घेऊन जा ट्रॉलीभर. पानांचे छाप छान येतात पण वर्षभराची फवारणी झालेली पानं मी घरातल्या भांड्यात वाफवणार नाही. त्यापेक्षा गॅलरीतल्या गुलाबाची पानं बरी, एवीतेवी गुलशनाबाद म्हणायचे ना या गावाला. गंजलेले खिळे आणि गूळ गणपतीपासून बरणीत आंबवत ठेवलेत, वास असा की नवरा गॅलरीत चहा प्यायचा बंद झालाय, पण त्या पाण्यात बुडवलेलं गुलाबाचं पान हिरड्याच्या कापडावर शिरांसकट राखाडी उमटतं.

भाऊबीजेला सगळ्या भावांना हेच रुमाल देणारे. दादाचा आधीच फोन आला, फुलाफुलांचं नको म्हणे मला, ऑफिसला न्यायचाय. त्याच्यासाठी मग उद्या गुलाबाची पानं.