तुम्ही विचारलंत म्हणून: डोक्याला वायरी कशाला?

"एमआरआय असताना तुम्ही अजून वायरी काय चिकटवताय?" गणपतीत आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आलेला एक तरी पाहुणा हे विचारतोच. त्यांच्या हातात मोदक असतो, म्हणून मी हसून सोडून देते. आज नाही सोडत.

मी ईईजी करते, म्हणजे वायरींच्या टोकाच्या इलेक्ट्रोडनी मेंदूतली वीज टिपते. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन अदलाबदल होतात आणि साधारण १०० मिलिसेकंदांत डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडवर लाट उमटते. (केसांना तेल चोपडून आलात तर तीही धड उमटत नाही.) एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असताना काढलेला एमआरआय, बघतं रक्तातला ऑक्सिजन, आणि तो बदल भरात यायला ५-६ सेकंद जातात. मिरवणूक पुढे गेल्यावर गुलाल मोजावा, तसं. गुलाल नेमका कुठे पडलाय हे मात्र ते मिलिमीटरमध्ये दाखवतं. माझ्या वायरींना ते जमत नाही, कवटीतून येता येता सगळं पसरतं. मान्य.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला हे मान्य नव्हतं. एफएमआरआय स्कॅनरच्या चित्रांना मी 'रंगीत रांगोळी' म्हणायचे. तेव्हा माझ्याकडे मधुमेहींचा डेटा होता: त्यांची लाट निरोगी गटापेक्षा २४ मिलिसेकंद उशिरा. मधुमेहात असा उशीर होतो हे माहीत होतंच, पण एवढा! आठवडाभर मी हवेत होते. विभागात सादरीकरण झालं, टाळ्या पडल्या. मग मागे बसलेल्या सरांनी विचारलं, "मॉनिटर कधी बदलला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिकटपट्टीने एक फोटोडायोड (उजेड पडला की लगेच कळवणारा छोटा सेन्सर) पडद्याच्या कोपऱ्यात लावला. संगणकाची 'चौकोन बदलले' ही खूण आधी, प्रत्यक्ष उजेड मागाहून. नव्या एलसीडीला उशीर, जुन्या काचेच्या डबड्याला जवळजवळ नाही. निरोगी गट जुन्यावर केलेला, मधुमेही सगळे नव्यावर. दोन्हींतला उशीर वजा केल्यावर माझ्या शोधाचे उरले ३ मिलिसेकंद. सर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी कर्वे रोडवर रिक्षा न करता घरापर्यंत चालत गेले.

बरीच वर्षं मी हा किस्सा ईईजीच्या बाजूने सांगायचे: बघा, इतकं बारीक मोजतं म्हणून चूक सापडली! स्कॅनरवाली मैत्रीण म्हणाली, "अगं, माझ्याकडे २४ मिलिसेकंदांनी काही फरकच पडला नसता. तुझा खोटा शोध लागलाच नसता."

यावर मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला, पण ती चुकते आहे असं काही मला अजून म्हणता आलेलं नाही.