अमावास्येच्या रात्री तलावपाळीवर

मे महिन्यातील अमावास्येच्या रात्री साडेदहाच्या सुमारास मी, माझी विद्यार्थिनी आणि प्रयोगशाळेतील आमचे साहाय्यक असे तिघे ठाण्यातील मासुंदा तलावाच्या, म्हणजे आपल्या तलावपाळीच्या धक्क्यावर प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची जाळी, बाटल्या आणि लक्समापक, म्हणजे उजेड मोजायचे यंत्र, मांडून बसलो होतो. परवानगीचे पत्र सोबत असूनही रखवालदारांनी आम्हांला दोनदा येऊन विचारले की, मासे तर पकडत नाही ना.

विद्यार्थिनी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरली होती. पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आणि प्रबंधासाठी किमान तीन, कमाल सहा वर्षे, एवढे तिच्या हातात होते. आराखडा सादर करण्यास मात्र पंधराच दिवस उरले होते. रात्रीच्या कृत्रिम प्रकाशाचा तलावाच्या परिसंस्थेवर होणारा परिणाम हा विषय तिने स्वतः निवडला होता, आणि तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात तो कोणाला तरी सुचायलाच हवा होता.

विषयाचे मूळ एका साध्या प्रवासात आहे. पाण्यातील सूक्ष्म प्राणी, विशेषतः ज्यांना आपण जलपिसवा म्हणतो ते, दिवसा माशांच्या नजरेपासून वाचण्यासाठी खोल पाण्यात राहतात आणि अंधार पडल्यावर शैवाल खाण्यासाठी पृष्ठभागाकडे येतात. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या वॉबन तलावात मॅरिअ‍ॅन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरचा प्रकाश अडवून पाहिले, तेव्हा शहराच्या उजेडामुळे हा प्रवास सुमारे दोन मीटरने आखूड होतो, असे दिसून आले. ते निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. वर येणारे प्राणी कमी झाले, तर शैवालाला खाणारे कमी होतात, आणि हिरव्या तवंगाला वाव मिळतो, अशी त्यामागची शंका. जर्मनीत बर्लिनच्या उत्तरेस श्टेखलिन सरोवरात तर नऊ मीटर व्यासाचे 24 बंदिस्त कप्पे पाण्यात उभे करून, त्यांवर दिवे लावून आकाशातील उजेडाची नक्कल करण्यात आली आहे. विद्यार्थिनीने हे सगळे वाचले होते, आणि तिचा आराखडाही त्याच वळणाचा होता: एक उजळलेला तलाव, एक अंधारा तलाव, दोघांची तुलना.

धक्क्याजवळ आमची दोरी दोन मीटरवरच तळाला टेकली, तेव्हाच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. जिथे दोन मीटर पाणीच आहे, तिथे दोन मीटरने आखूड होणारा प्रवास कसा शोधायचा?

पावणेबाराला काठावरचे सगळे दिवे एकदम गेले. कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूचेही गेले. विद्यार्थिनी आधी घाबरली आणि मग लगेच म्हणाली, "मॅडम, आत्ता जाळी टाकूया?" आम्ही वीस मिनिटे थांबून जाळी तळापासून ओढली. लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात दिसले की, बाटलीतील पाणी आधीच्या नमुन्यापेक्षा उघड उघड दाट होते, आणि त्यात ठिपके उड्या मारत होते. एवढा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत होती. लक्समापक शून्य दाखवत होता, आणि त्याच वेळी बाटलीवर मार्करने लिहिलेली वेळ मला विजेरीशिवाय वाचता येत होती. मापकाची सर्वांत लहान नोंद 0.1 लक्सची, त्याखालचा उजेड तो शून्यच दाखवणार; पौर्णिमेचे चांदणे साधारण 0.1 ते 0.3 लक्स असते, तर चंद्र नसलेल्या निरभ्र रात्रीचा उजेड एक सहस्रांश लक्सच्या आसपास. त्या रात्री मुंबईवरचे ढग उजळलेले होते आणि तोच उजेड पाण्यावर परत पडत होता. दिवे गेले होते, अंधार झालेला नव्हता. त्या पाण्यातील प्राण्यांच्या कित्येक पिढ्यांनी खरी अमावास्या पाहिलेलीच नसेल.

मग अंधारा तलाव कोणता? घरी परतताना रिक्षात आम्ही हीच यादी करत होतो. उपवन येऊरच्या डोंगराला टेकलेले, पण त्याच्या काठावरही दिवे आहेत, आणि वर तेच आकाश. ती म्हणाली, "तानसा घेतला तर?" तानसा दूर आणि जंगलात खरा, पण ते धरणाचे खोल पाणी, त्यातले मासे निराळे, त्यात पडणारे सांडपाणी निराळे. दोन्हींतील फरक उजेडाचाच, असे कोणती समिती मान्य करील? आणि हातातली ती दाट बाटली म्हणजे एका रात्रीचा एक नमुना होता. वारा पडला म्हणूनही जाळी भरते. हे मी तिला त्या रात्री सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी झाल्यावर सांगितले, आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

चार दिवसांनी ती नवा आराखडा घेऊन आली. 'नियंत्रण तलाव', म्हणजे तुलनेसाठीचा अंधारा तलाव, हा शब्द तिने स्वतःच काढला होता. त्याऐवजी महाविद्यालयाच्या गच्चीवर टाक्यांची रांग, सर्वांत मासुंद्याचेच पाणी, वर काळ्या कापडाचे छत आणि त्याखाली 0.01 पासून 10 लक्सपर्यंत चढत जाणारा उजेड. उजेड मोजण्यासाठी संवेदनशील मापक, ज्याची किंमत पाहून मी आवंढा गिळला. पण प्रश्न आता बरोबर होता: दिवा आहे की नाही हा नव्हे, तर किती उजेडाला हे प्राणी वर यायचे थांबतात.

गच्ची पाहायला आम्ही संध्याकाळी गेलो. टाकीच्या नियोजित जागेच्या अगदी वर एक हॅलोजन दिवा होता. तो रात्री बंद ठेवता येईल का, असे विचारले असता पहारेकरी म्हणाले, "तो बंद नाही करता येत मॅडम, सीसीटीव्हीला दिसत नाही." आता आराखड्याच्या सोबत आमचा आणखी एक अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे.