मोलाचं डोकं

पहाटे ढाक्याहून निघालेली गाडी मैमनसिंगला पोचली तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. जानेवारीचे दिवस. स्टेशनबाहेर चुलीवर भापा पिठे वाफवत होते. तांदळाच्या पिठीत खोबरं आणि खजुराचा गूळ. पहिल्या घासाला आईच्या मोदकांची आठवण झाली. पण मी आले होते ती एका बोटभर माशासाठी.

मोला त्याचं नाव. कोलकात्यात त्याला मौरला म्हणतात. चंदेरी, बारीक, पाण्याबाहेर काढला की लगेच मान टाकणारा. बड्या माशांच्या बाजारात त्याला कुणी विचारत नसे. उलट, तळ्यात रोहू-कातल्याचं बीज सोडण्याआधी रोटेनॉनसारखी पावडर टाकून ही सगळी बारीक मासळी मारून टाकायची, अशीच पद्धत होती. शेतात तण, तसा तळ्यात मोला.

हे चित्र बदलायला जिचं संशोधन कारणी लागलं, तिचं नाव शकुंतला आहे. शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड. जन्म त्रिनिदादचा, पूर्वज भारतातून तिकडे गेलेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्या बांगलादेशात कुपोषित मुलांसाठी काम करत होत्या. लहान मासे ताकद देतात, डोळ्यांना चांगले, असं गावातल्या बाया सांगायच्या. थिल्स्टेडबाईंनी ते कानाआड केलं नाही, प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. १०० ग्रॅम मोलात अडीच हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास अ जीवनसत्त्व निघालं. तळ्यात पाळलेला सिल्व्हर कार्प मासा त्याच्या जवळपासही फिरकत नाही. शिवाय कॅल्शियम, लोह, जस्त. २०२१चं वर्ल्ड फूड प्राइझ त्यांना मिळालं. मला मात्र त्या पुरस्कारापेक्षा त्यांनी बायांचं ऐकून घेतलं याचं मोल जास्त वाटतं.

गावाकडे निघण्याआधी जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठावर चित्रकार जैनुल आबेदिन यांच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथे गेले. बंगालमधल्या १९४३च्या दुष्काळाची त्यांची रेखाचित्रं मी पुस्तकांत पाहिली होती. साध्या कागदावर काळ्या शाईनं काढलेली हाडं, कावळे, रिकामी भांडी. नदी समोर, पात्र उघडं पडलेलं, वाळूवर टेकलेल्या दोन होड्या. त्या होड्यांकडे बघताना मन १९४२वर गेलं. जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारनं बंगालच्या किनारी जिल्ह्यांतल्या दहापेक्षा जास्त माणसं वाहणाऱ्या होड्या जप्त केल्या, मोडल्या. होडी गेली की कोळ्याचं काय उरतं, हे कोकणात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुष्काळात सर्वांत आधी कोसळलेल्यांत हे कोळी होते. भुकेचा हिशेब आपण नेहमी तांदळात मांडतो. पाण्यातून येणारं अन्न त्या हिशेबात धरतच नाही, याचा मला राग येतो.

बांगलादेश कृषी विद्यापीठात शिकवणारी एक मैत्रीण मला तिच्या ओळखीच्या घरी घेऊन गेली. पत्र्याचं घर, मागे केळी, आणि परसात पुकूर, म्हणजे तळं. आपल्या परसातल्या विहिरीसारखं ते सगळ्या घराचं. भांडी तिथे, अंघोळ तिथे, मासे तिथे. घरच्या थोरल्या मुलानं काठावरून जाळं फेकलं. आमच्याकडे पागतात तसंच, हाताच्या त्याच झोक्यानं. वर आलं तेव्हा जाळ्यात रोहूची दोन पिल्लं आणि ओंजळभर मोला. रोहू परत पाण्यात गेले.

या तळ्याची मेख इथेच आहे. रोहू, कातला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांची बोटुकली दर वर्षी विकत आणावी लागते. मोला मात्र तळ्यातच वर्षातून दोन-तीनदा वीण घालतो. एकदा सोडला की सोडला. त्यामुळे मोठा मासा वाढवून बाजारात विकायचा आणि दर चार दिवसांनी ताटापुरता मोला काढायचा, असं दोन्ही जमतं. मोलामुळे तळ्याचं एकूण उत्पन्न घटत नाही, हेही प्रयोगांत दिसलंय. विष टाकणं तेवढं थांबवायला हवं.

घरची आपा, म्हणजे ताई, बोटी घेऊन बसली. बोटी म्हणजे आपली विळीच, फक्त खोबरं खवायचं चक्र नाही. मासा पात्यापाशी न्यायचा, पोटाला चिमटा, घाण बाहेर, मासा परातीत. मी मदतीला बसले आणि सवयीनं पहिल्याच माशाचं डोकं उडवलं. आपानं माझं मनगट धरलं.

"माथाटा फेलबेन ना, आपा."

डोकं टाकू नका. मैत्रिणीनं समजावलं: अ जीवनसत्त्व सगळ्यात जास्त डोळ्यांतच असतं. पूर्वी या घरातही डोकी बदकांना जायची. मोठा मासा आपण काटे काढून खातो, म्हणजे त्याचं कॅल्शियम उकिरड्यावर जातं. हा मासा अख्खा पोटात जातो.

मला घरची मांदेली आठवली, कुरकुरीत तळून शेपटीपासून डोक्यापर्यंत खाल्लेली. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना सुकट आणि जवळ्यावर निघालेले दिवस आठवले. आता पाहुणे आले की आमच्याकडे सुरमई आणतात, सुकट झाकून ठेवतात. आणि आमच्याच किनाऱ्यावरची तारली टनाटनानं फिशमीलच्या कारखान्यांत जाते, कोळंबीचं खाद्य व्हायला. ते खाद्य खाऊन वाढलेली कोळंबी परदेशी जाते. ज्या पोरांना ती तारली मिळायला हवी, ती पोरं बंदरापासून हाकेच्या अंतरावर राहतात.

कढईत मोहरीचं तेल तापलं. कांदा, हिरव्या मिरच्या, हळद, वर मासे, अगदी थोडं पाणी. उलथनं लावायचं नाही, कढईच कानाला धरून हलवायची. शेवटी मूठभर कोथिंबीर. चच्चडी तयार.

जमिनीवर चटई टाकून बसलो. आपाची धाकटी, तीनेक वर्षांची, माझ्या शेजारी. आईनं तिच्या भातावर सहा मासे मोजून ठेवले, मग माझ्या. पोरीनं एक उचलला, माझ्याकडे बघितलं आणि आधी डोकं तोंडात घातलं. बारीकसा कुरुम आवाज आला. मीही आधी डोकंच खाल्लं.