ड्रॅगन मारणं सोपं आहे बे

आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखा रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि बोलत-बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. त्यात ड्रॅगन मारायला आमच्या टेबलावर दीड तास लागतो, त्यातला अर्धा तास तर कोणाचा फासा सोफ्याखाली गेला ते शोधण्यात जातो, पण काम होतं. गोष्टीतल्या दोन भावांना एकमेकांशी धड चार वाक्यं बोलायला लावणं हे मात्र अजून माझ्या हाताला बसलेलं नाहीये, आणि खरं सांगू, गेम मास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट चालवणारा म्हणून, मला आता तेवढंच करायला आवडतं.

यात थोडा दोष खेळाच्या जन्माचाही आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये अमेरिकेत आलं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचं, आणि ते आलं टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायच्या वॉरगेम्समधून. त्यामुळे तलवार लागली की नाही, किती लागली, चिलखत कोणतं होतं, सगळ्याला नियम. आणि बोलण्याला? करिष्मा नावाचा एक आकडा आणि परसुएशनचा, म्हणजे समोरच्याला पटवण्याचा, फासा. राक्षसाच्या पहारेकऱ्याला गंडवायचं असेल तर तो फासा छानच आहे, माझी काही तक्रार नाही. पण भाऊ भावाकडे माफी मागतो, वीस बाजूंच्या फाशावर अठरा येतात, आणि समोरच्या पोराला सांगायचं की तुझं पात्र आता विरघळलं? अरे तो विरघळला की नाही हे त्यालाच ठरवू दे नं, तेवढ्यासाठीच तर तो उन्हात गाडी चालवत आला.

आमचा सध्याचा खेळ नागपुरातच चालू आहे, म्हणजे १७०२ च्या आसपासच्या नागपुरात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह बारा वाड्या जोडून शहर वसवून राहिला, राजापूर बारसा म्हणायचे त्या वाड्यांना. भुतंखेतं, जादू वगैरे मी माझी घातली आहे, पण बारा वाड्यांचं एक शहर होणार म्हटल्यावर भांडणं आपोआपच येतात, ती घालावी लागत नाहीत. दोन प्लेअर भाऊ-भाऊ झाले, मोठा शेती करतो, धाकटा राजाच्या फौजेत. धाकट्याला पाहिजे की मोठ्याने वाडी सोडून शहरात यावं.

पहिल्यांदा हा सीन आला तेव्हा दोघं समोरासमोर बसून टीव्हीवरच्या चर्चेसारखे मुद्दे मांडत होते. शहराचे फायदे, शेतीचं महत्त्व. सगळ्यांना जांभया. मग रॉबिन लॉज या गेम डिझायनरच्या ड्रामासिस्टिम नावाच्या नियमांमधला एक विचार आठवला, हिलफोक या खेळात तो वापरलाय. तिथे भावनेच्या प्रत्येक सीनमध्ये एक मागणारा असतो आणि एक देणारा. मागणाऱ्याला वस्तू नको असते, त्याला समोरच्याच्या मनातून काहीतरी पाहिजे असतं, शाबासकी, माफी, विश्वास, जे काय असेल ते. देणारा पाघळला तर त्याला टोकन मिळतं, आणि त्याने हात झटकले तर टोकन मागणाऱ्याला, म्हणजे जो मनाने हरला त्याची झोळी अगदीच रिकामी राहत नाही. आम्ही टोकनं वापरत नाही, पण सीन सुरू व्हायच्या आधी मी आता प्रत्येकाला गुपचूप विचारतो, तुला याच्याकडून काय पाहिजे? धाकटा म्हणाला, त्याने एकदा म्हणावं की मी पळून गेलो नव्हतो.

बस. शहर गेलं बाजूला.

पण हे तोंडावर कोण मागतं? आपल्याकडे तर नाहीच, आपल्या घरांमध्ये सगळ्यात मोठी भांडणं फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या कोणी भरल्या नाहीत यावरून होतात आणि आत वीस वर्षांपूर्वीचं काहीतरी असतं. म्हणून मी सीन नेला पोळ्याच्या दिवशी गोठ्यात. मोठ्याच्या हातात बैलाच्या शिंगांना लावायचा रंग दिला, कारण माणसाच्या हातात काम असलं की त्याला समोर बघायची सक्ती राहत नाही, आणि न बघता माणूस जास्त खरं बोलतो असं माझं मत आहे. धाकट्याने विचारलं, माझा बैल कुठाय? मोठ्याने, म्हणजे तो खेळणाऱ्या पोराने, माझ्याकडे न बघता सांगून टाकलं की विकला. मला माहीतच नव्हतं! आणि वर म्हणतो, "तुले काय करायचा आहे बैल, तू तं आता घोड्यावर बसून राहिला नं."

या जागी गेम मास्टरला प्रचंड खाज सुटते. बाहेर दरोडेखोर आले म्हणावं, निदान गोठ्याचं वर्णन तरी करावं. नाही करायचं. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातला प्रॉम्प्टर कसा, रात्रभर नाटक चालतं, पहाट होते, पण कोणी अडकलं तरच त्याचा आवाज, तसं बसायचं.

बाकीच्या प्लेअरांचं काय हा खरा प्रश्न, कारण दोघं रंगात आले की उरलेले फोन काढतात, त्यात त्यांची चूक नाही. मी त्यांना तेवढ्यापुरती छोटी पात्रं देतो आणि एका ओळीत सांगतो की तुला काय पाहिजे. एकीला वहिनी केलं, भांडण नको पण दीर संध्याकाळच्या आत गेला पाहिजे. ती दारातून म्हणाली, "भावजी, पुरण गरम आहे, जेवूनच निघा." टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं की ती जेवायला नाही, निघायला सांगून राहिली. आणि ही मुलगी एरवी आवाज काढून बोलायला लाजते, "माझं पात्र म्हणतं की" असंच बोलते. ते चालतं, बरं का. बऱ्याच गेम मास्टरांना वाटतं की नाटकी आवाज लावला तरच रोलप्ले, त्या आग्रहापायी चांगले लोक गप्प बसतात.

एक मात्र पाळतो. जमिनीच्या वाटणीचे विषय खेळात गंमत वाटतात, पण ज्याच्या घरी सातबाऱ्यावरून खरंच तारखा चालू आहेत त्याला नाही वाटत. त्यामुळे जॉन स्टॅव्रोपोलोसचं एक्स-कार्ड टेबलावर असतं, कागदावर फुली, कोणीही हात लावला की तो विषय सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

आणि सीन कापायचा कधी, तर याचं उत्तर आमच्याकडे मे महिन्याने दिलं. बाहेर पंचेचाळीस, आत कूलर, आणि कूलरच्या आवाजात "दादा, तुला माझी आठवण नाही का आली" हे वाक्य ओरडून म्हणावं लागतं, त्याचा पार तमाशा होतो. म्हणून हळवा सीन आला की कूलर बंद. मग कोणी पाल्हाळ लावत नाही, सात-आठ मिनिटांत घाम मानेवरून उतरायला लागतो आणि जे बोलायचं ते लोक बोलून मोकळे होतात. आता पावसाळ्यातही मी साधारण तेवढ्यातच कापतो, घोड्याच्या वाक्यासारखं काही पडलं की तिथेच, उत्तराची वाट न बघता. धाकटा चिडला, मला बोलायचं होतं म्हणे. बोल नं, पुढच्या वेळी.

तो थांबला नाहीच. रात्री ग्रुपवर त्याने टाकलं की बैल कोणी घेतला त्याचं नाव सांग, मी परत आणतो, किंमत काहीही लागो. खाली मोठ्याचा रिप्लाय, आण, पण गोठा माझा आहे. वहिनीने नुसता अंगठा टाकला. आता शनिवारपर्यंत मला एक बैलांचा व्यापारी तयार करायचा आहे, आणि मला वाटून राहिलं की त्यालाही तो बैल विकायचा नसावा.