वाफ्याचा नंबर

दुपारी तीनला, म्हणजे पुण्यात शहाणा माणूस कोणाला फोन करत नाही अशा वेळी, भाचीचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा फुललेला.

"मामा, एकशे अठ्ठावन्नवरून एकशे त्रेपन्न!"

मला आधी वाटलं कोलेस्टेरॉल. वयानुसार माणसाचे आकडे बदलतात. पण हा नंबर होता. इंग्लंडात ती राहते त्या शहरात पालिकेच्या जमिनीचे तुकडे भाजीपाला लावायला वर्षाच्या भाड्याने मिळतात. त्याला म्हणतात अलॉटमेंट. (माझ्या कानाला अलॉटमेंट म्हणजे पार्किंग.) तर चार वर्षांपूर्वी तिने त्यासाठी नंबर लावला आणि यंदा पाच पायऱ्या वर चढली. वर्षाला पाच. मी मनात भागाकार केला आणि म्हटलं, "अगं, तुझी पाळी येईपर्यंत तू रिटायर होशील."

"मग काय! तेव्हा वेळच वेळ असेल."

ह्या उत्तराने मी गार झालो. हिच्या आजोबांची नात शोभते. आमच्या घरात नंबर लावणे हा संस्कार होता. बाबांनी गॅसला नंबर लावला, फोनला लावला, स्कूटरला लावला. स्कूटरचा लावला तेव्हा मी बालवाडीत होतो, लागला तेव्हा सातवीत. मधल्या काळात लोक 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, घेऊन नंबर विकत. बाबांनी ते पाप केलं नाही, आणि ते केलं नाही म्हणून आईने ऐकवायचं थांबवलं नाही. रॉकेलच्या रांगेत तर आम्ही जातीने उभे राहतच नसू. डबा उभा राहायचा. डब्यामागे डबा, मध्ये कोणाची तरी पिशवी, पिशवीवर दगड. गाडी आली की आपापल्या डब्याशी जाऊन उभं राहायचं. दगडाचाही नंबर कोणी खाल्ला नाही, असा तो काळ होता असं मी आता सांगतो. खरं म्हणजे खायचे. दोनदा तर आमचाच डबा मागे सरकवलेला मी पाहिला आहे.

भाचीने सांगितलं की पूर्ण प्लॉट दहा रॉडचा. रॉड हे त्यांचं जुनं माप. असे सोळा प्लॉट म्हणजे एक एकर. एकरात चाळीस गुंठे. म्हणजे एक प्लॉट बरोबर अडीच गुंठे, बाकी शून्य. इतकं स्वच्छ गणित सुटल्याचा आनंद मला शाळेतही कधी झाला नव्हता. आता म्हणे बऱ्याच ठिकाणी अर्धाच तुकडा देतात, म्हणजे सव्वा गुंठा. अडीच गुंठ्यात आमच्या कोथरुडात खाली पार्किंग ठेवून पाच मजले उठतात, आणि हे लोक तिथे बटाटे लावतात! त्यांचा अलॉटमेंटचा कायदा १९०८ चा. सहा करदात्या रहिवाशांनी मिळून जागा मागितली तर पालिकेला तिची दखल घ्यावी लागते. सहा माणसांचं एका अर्जावर एकमत होतं, हेच मला पुण्यात राहून अवघड वाटलं. जर्मनीत अशा तुकड्यांसाठी १९८३ चा कायदा आहे. तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नको, त्यातलं खोपटं २४ चौरस मीटरपेक्षा मोठं नको, आणि त्यात राहायचं नाही. सदाशिव पेठेतलं आमचं सहा माणसांचं बिऱ्हाड त्या खोपट्याहून लहान होतं, आणि त्यात राहायचं होतं.

पण बाग होती हं. वाड्याच्या मागच्या अंगणात, नळाचं सांडपाणी जिरायचं तिथे, अळू. कोणी लावलं कोणाला ठाऊक नाही. काळ्या देठाचं, वडीचं. (हिरव्या देठाचं भाजीचं, ते कोपऱ्यात वेगळं.) नऊ बिऱ्हाडं आणि अळवाचा एवढासा चौकोन. पानं मालकीण आजींच्या हुकमाशिवाय कोणी तोडायची नाहीत. वही नव्हती, पण कोणाच्या घरी कोणत्या रविवारी वड्या झाल्या हे त्यांना पाठ होतं. श्रावण लागला की पाळ्या सुरू. आमची पाळी येईस्तोवर इतरांच्या घरचा वास खायचा.

आई पान पाटावर पालथं घालायची. जाड शिरा तासायची, उरलेल्यांवरून लाटणं फिरवायची. मग बेसन, चिंच, गूळ, तिखट कालवलेलं पीठ चार बोटांनी सारवल्यासारखं. त्यावर दुसरं पान, ह्याचं टोक तिकडे तर त्याचं इकडे. तिसरं. चौथं. कडा दुमडून उंडा वळताना ती श्वास रोखायची, आणि बघणारे आम्हीही.

एकदा, आमच्या पाळीच्या आधीच्या रविवारी, मी पहाटे उठून अळवात शिरलो. सगळ्यांत मोठं पान शोधलं, हत्तीच्या कानाएवढं, आणि त्याच्या देठाला आईच्या डब्यातला लाल दोरा बांधून आलो. माझ्या मते नंबर लागला. दुपारी मालकीण आजी आमच्या उंबऱ्याशी आल्या. पान त्या दिवशीच्या पाळीवाल्यांकडे गेलं होतं. दोरा मात्र त्यांनी काडीला नीट गुंडाळून आणला होता. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "दोरा तुझा, पान त्यांचं."

संध्याकाळी त्या घरून ताटलीत झाकून दोन वड्या आल्या. एक माझ्या त्या पानाची असणार, असं मी धरून चाललो.

आता वाडा नाही. तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीच्या नावात मात्र 'बाग' आहे. पुण्याला तशी बागांची हौस पूर्वापार. तुळशीबाग, हिराबाग, मोतीबाग, रमणबाग, विश्रामबाग. सारसबाग तर आधी तळं होतं. मी स्वतः दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून काहीतरी उचलून आणतो आणि मार्चमध्ये त्याची कुंडी रिकामी करतो. तेव्हा अडीच गुंठे मला मिळाले असते तरी मी काय दिवे लावले असते हा प्रश्नच आहे.

पण नंबर लावला आहे. तेच सांगायचं राहिलं. आमच्या सोसायटीने गच्चीवर विटांचे बारा वाफे बांधले. अठ्ठावीस फ्लॅट, बारा वाफे. पहिल्या बारा जणांची नावं चिठ्ठ्या टाकून निघाली, त्यांच्याखाली उरलेल्यांची, अशी यादी लिफ्टशेजारी लागली. उरलेल्यांत माझा नंबर सातवा. नियम मालकीण आजींपेक्षा सैल: जो कसतो त्याच्याकडे वाफा राहतो, मुदत नाही.

भाचीला मी विचारलं होतं, "ते पाच जण वरून गेले कुठे गं?" ती शनिवारी तिथे कोणाकोणाच्या प्लॉटवर फुकट राबायला जाते, त्यामुळे तिला बित्तंबातमी असते.

"दोघांनी शहर सोडलं. एकीला जुळं झालं, तिने नाव काढलं. आणि दोन प्लॉट…" ती जरा थांबली. "दोन आजोबा होते, मामा. त्यातल्या एकांनी मला कांदे कसे वेणी घालून टांगायचे ते शिकवलं होतं."

मग आम्ही दोघं हवापाण्याचं बोललो.

फोन ठेवून मी खाली दूध आणायला निघालो आणि लिफ्टची वाट बघताना यादी वाचली. वाफेवाले बारा, त्यातले पाच सत्तरीच्या पुढचे. हे मी मोजलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. लिफ्ट उघडली. आत दुसऱ्या मजल्यावरचे नाना, वय एक्याऐंशी, वाफा क्रमांक तीन, हातात मेथीची जुडी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यादीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काय नाना, तब्येत काय म्हणते?" मी विचारलं.

"ठणठणीत," नाना म्हणाले. आणि जुडीतली अर्धी मेथी मोडून माझ्या पिशवीत टाकली.