मनीची गादी

मनी धुतलेल्या गादीवर बसेना, तेव्हा आधी मला तिचाच राग आला. एवढी गुलाबाच्या वासाने घमघमणारी गादी! मग उमगलं, वास मला हवा होता, तिला नाही. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटतं. कापडात राहिलेला साबण केसांवरून थेट पोटात. आता बिनवासाचं लिक्विड, तेही निम्मंच, आणि गादी एकदा जास्त खळबळून काढते. फॅब्रिक सॉफ्टनर बंद. त्यातल्या कॅटायनिक (धन विद्युतभाराच्या) द्रव्यांनी मांजराचं तोंड पोळू शकतं. ‘नैसर्गिक’ म्हणून टी ट्री तेलवालंही नको, ते मांजरांना विषारी. पिसवा दिसल्या तर ६० अंशांचं पाणी, कापडाला सोसत असेल तर. शू केलेल्या चादरीवर ब्लीच मात्र कधीच नाही, अमोनियाशी मिळून घातक वायू होतो. (मी खोकत खोकत शिकले.) मनी सध्या माझ्या उशीवर झोपते.