स्मूदनिंग कापून टाकल्यानंतरचे आखूड कुरळे केस: माझा अनुभव

स्मूदनिंग म्हणजे पार्लरमध्ये रसायनाने सरळ करून घेतलेले केस. त्यातले किती कापायचे हे ओल्या केसांवरच कळतं. कंडिशनर लावून गुंता काढायचा, धुवायचं आणि काही न लावता दहा मिनिटं केस मोकळे सोडायचे. मुळाकडची नवी वाढ लगेच वळायला लागते, रसायन लागलेला भाग दोऱ्यासारखा सरळ लोंबत राहतो. त्या जोडाच्या किंचित वर कात्री लावायची. रिबॉन्डिंग-स्मूदनिंगमध्ये क्रीम केसातले गंधकाचे बंध तोडतं, स्ट्रेटनरने केस सरळ करतात आणि न्यूट्रलायझर ते बंध तसेच सरळ पक्के करतो. त्यामुळे तेल, मेथी, कोरफड काहीही लावा, तो भाग पुन्हा कुरळा होत नाही. आणि जोडाची जागा सगळ्यात कमजोर, कंगवा तिथेच अडकतो, केस तिथूनच तुटतो. म्हणून वर्षानुवर्षं वाढ होऊ देत बसणं मला पटत नाही. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. ८-१० सेंटिमीटर नवी वाढ झाली की कापावेत. मात्र वाळल्यावर ते जवळजवळ निम्मेच दिसतात, याची मनाची तयारी हवी.

बेतून कापले तरी चार-दोन सरळ टोकं राहतातच. केस पूर्ण वाळले की ती सुईसारखी बाहेर येतात, तेव्हा एकेक बट धरून कात्रीने छाटायची. कानामागे आणि मानेवर हमखास सापडतात. सगळीकडचं वळण सारखं नसतं, हेही तेव्हाच दिसतं: माझ्या टाळूवर सैल लाटा आहेत आणि मानेशी स्प्रिंगसारखे घट्ट वेढे. हा दोष नव्हे, केस तसेच असतात.

सांगलीत पुढचा प्रश्न पाण्याचा. नळाला येणारं कृष्णेचं पाणी चालतं. वापराला बोअरचं पाणी असेल तर बादलीच्या कडेला बसतो तोच पांढरा क्षार केसांवरही बसतो, केस खरखरीत होतात आणि वळण धरत नाहीत. अशा घरात शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या पाण्याचे घ्यावेत आणि तीन-चार आठवड्यांतून एकदा क्षार काढणारा चिलेटिंग शाम्पू वापरावा. एरवी आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू, तोही फक्त टाळूला. खोबरेल धुण्याआधी तासभर लावायचं. ते केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. धुतल्यावर चोपडलं तर आखूड केस नुसते चपटे बसतात.

वळण धरून ठेवणाऱ्या जेलसाठी बाजारातली बाटली लागतच नाही. गणपती पेठेत मिळणारे, चटणीसाठी आणतो तेच जवस पुरतात. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम जवस, ३०० मिली पाण्यात मध्यम आचेवर ढवळत उकळायचे. सात-आठ मिनिटांत पांढरा फेस येतो. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की गॅस लगेच बंद. आणखी दोन मिनिटं ठेवलं तर गोळा होतो आणि गाळता येत नाही. गरम असतानाच पातळ सुती फडक्यातून गाळावं, गार झालं की बिया जेल सोडत नाहीत. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबूस वास आला की टाकून द्यायचं.

लावायची वेळ महत्त्वाची. केसांतून पाणी टपकत असतानाच दोन चमचे जेल तळहातांवर पसरून लावायचं आणि खालून वर मुठीत दाबायचं. चिकचिक आवाज आला की पाणी पुरेसं आहे. मग टर्किश टॉवेल दूर ठेवून मऊ पंचाने दाबून टिपायचं, घासायचं नाही. यानंतर केस वाळेपर्यंत हात लावायचा नाही. बहुतेकींचं इथेच बिघडतं, कारण अर्धवट ओल्या केसांत बोटं घातली की वेढे सुटतात आणि सगळं पिंजारतं. वाळल्यावर केस कडक लागतात. तळहातावर खोबरेलाचे दोन थेंब चोळून मुठीत चुरले की कडकपणा जातो, वळण राहतं. पांढरा भुसा पडला तर आधी राहिलेला कंडिशनर जास्त झाला असं समजावं.

पावसाळ्यात ग्लिसरीन असलेली क्रीमं बंद ठेवावीत. ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं आणि केस फुगतात.

स्कुटीवर सुती स्कार्फ घट्ट आवळला की समोरचे केस घासून तुटतात. मारुती रोडला कापडाच्या दुकानात अस्तराचं सॅटीन मिळतं. त्याचा चौकोन स्कार्फच्या आत बांधावा, त्यावर हेल्मेट. उशीचा अभ्राही त्याच कापडाचा शिवून घ्यावा.

लग्नसराईत गजऱ्याची अडचण येते. मागे दोन्ही बाजूंनी एकेक बट पिळून मध्ये आणायची, दोन पिना फुलीसारख्या लावायच्या आणि गजरा त्या फुलीत अडकवायचा. 'नवस होता का, आजारी होतीस का' असं बायका विचारतात. त्यांना काळजीच असते, सरळ सांगितलं की समजतं.

दोन-अडीच महिन्यांनी मानेवरचे केस नीट करून घ्यावेत. पार्लरमध्ये आधीच सांगायचं: कोरडेच कापा, थिनिंगची कात्री नको, वस्तरा नको. ओले ओढून कापले की वाळल्यावर भलतेच वर जातात, आणि थिनिंगने मधले केस आखूड होऊन वेढ्यांतून उभे राहतात.